पेटण्याआधीचे अडीच महिने

स्थळ : कॅलिफोर्निया विद्यापीठ (यूसीएलए), लॉस एंजेलिस. वर्ष २००८.

अडीच महिने बाकी. १३ ऑक्टोबर. नुकतीच पदवीधर झालेली एक तरुणी रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत संशोधन सहाय्यक म्हणून रुजू होते. तिला सुरक्षा प्रशिक्षण दिल्याची लेखी नोंद पुढे तपासात सापडणार नाही. त्याच महिन्यात ती टर्शरी ब्युटाइललिथियम हे हवेचा स्पर्श होताच पेटणारं रसायन कमी प्रमाणात हाताळते. काही बिघडत नाही. तेवढ्यावरच तिला काम येतं असं ठरतं.

दोन महिने बाकी. विद्यापीठाच्याच सुरक्षा तपासणीत या प्रयोगशाळेत डझनाहून जास्त त्रुटी निघतात. माणसं अ‍ॅप्रन घालत नाहीत, ही त्यातलीच एक. शेरा कागदावर राहतो.

काही तास बाकी. २९ डिसेंबर, सोमवार. नाताळची सुट्टी, विद्यापीठ जवळपास रिकामं. तिच्या अंगात कृत्रिम धाग्याचा स्वेटर आहे, अ‍ॅप्रन नाही. आज तेच रसायन आधीपेक्षा बरंच जास्त घ्यायचं आहे.

काही मिनिटं बाकी. हातात ६० मिलीची प्लॅस्टिकची सिरिंज. जवळ हेक्झेनचा फ्लास्क, तोही ज्वलनशील.

शून्य. दुपारी तीनच्या सुमारास सिरिंजचा दट्ट्या निसटतो. बाहेर आलेला द्रव पेट घेतो, हेक्झेन सांडतं, हातमोजे आणि स्वेटर जळू लागतात.

पुढची मिनिटं. सहकारी धावतो, स्वतःच्या अ‍ॅप्रनने ज्वाळा दाबतो. नंतर सिंकमधलं पाणी तिच्या अंगावर ओततात. आपत्कालीन शॉवर काही पावलांवर आहे. तिला तिथे कुणी नेत नाही.

१८ दिवसांनी. १६ जानेवारी २००९ रोजी तिचा मृत्यू होतो. वय २३.

त्यानंतर. राज्याच्या कामगार सुरक्षा विभागाचा दंड : ३१,८७५ डॉलर. डिसेंबर २०११ मध्ये विद्यापीठ आणि प्रयोगशाळेचे प्रमुख प्राध्यापक या दोघांवर फौजदारी आरोप. २०१२ मध्ये विद्यापीठ जबाबदारी मान्य करतं, विद्यापीठावरचे आरोप मागे घेतले जातात. २०१४ मध्ये प्राध्यापकांशी समझोता होतो : ८०० तास समाजसेवा आणि जळीत रुग्णांवर उपचार करणाऱ्या केंद्राला १०,००० डॉलर.

अ‍ॅप्रन, योग्य सिरिंज, शॉवर : यातलं काहीही उच्च रसायनशास्त्रात मोडत नाही. रुजू होणाऱ्याला शॉवरखाली उभं करून साखळी कशी ओढायची हे दाखवायला एक मिनिट लागतं. ते मिनिट पहिल्याच दिवशी काढायचं असतं.