झाडीपट्टीचा सुवासिक तांदूळ

वैनगंगेच्या खोऱ्यातील भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांच्या धानपट्ट्यात पिकणारा वासाचा तांदूळ. चंद्रपूर जिल्हा सगळाच या पट्ट्यात मोडत नाही. वरोरा-राजुऱ्याकडे काळ्या जमिनीत कापूस व सोयाबीन होते; धान पिकते ते नागभीड, ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल, सावली या पूर्वेकडच्या तालुक्यांत. गडचिरोलीत मात्र शेती म्हटली की आधी धानाची बांधीच डोळ्यांपुढे येते. या पट्ट्यातला नावाजलेला जुना वाण म्हणजे चिन्नोर. त्याचा दाणा बारीक असतो, भात मऊ होतो आणि चुलीवरचे झाकण काढले की घरभर वास सुटतो.

शिजत्या भातातून वासाची अनेक द्रव्ये बाहेर पडतात, पण ज्याला आपण ‘बासमतीचा वास’ म्हणतो तो मुख्यतः २-ॲसिटिल-१-पायरोलीन या एकाच द्रव्याचा. १९८०च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेतील रॉन बटरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ते भातात ओळखले. पाण्यात एक अब्ज भागांमागे त्याचा दशांश भाग असला तरी नाकाला कळतो. बिनवासाच्या तांदळात एक जनुक या द्रव्याचा कच्चा माल भलतीकडे वळवून टाकतो. सुवासिक वाणांत तोच जनुक निकामी झालेला असतो, म्हणून वास साठतो. हे द्रव्य केवळ धानापुरते नाही. मोहाच्या फुलांचा वास बव्हंशी त्याचाच, आणि वाघ हद्द आखण्यासाठी झाडाझुडपांवर जो फवारा मारतो त्यातही तेच सापडते. वाघाबद्दलचा हा शोध कोलकात्याचे शास्त्रज्ञ रतनलाल ब्रह्मचारी यांचा. ताडोबाच्या वाटेवर मध्येच शिजत्या भाताचा वास आला, तर आसपास कुणी स्वयंपाक करत असेलच असे धरून चालू नये.

वास वाणात असला तरी तो दाण्यात किती उतरेल हे शेत ठरवते. त्यात सर्वांत मोठा वाटा दाणा भरतानाच्या तापमानाचा. झाडीपट्टीत धानाचे हलके, मध्यम आणि भारी असे भाग मुदतीवरून पाडतात. हलके धान पावसाळा सरता सरता, ऑक्टोबरच्या उकाड्यात पिकते. भारी धानाची लोंबी उशिरा निसवते आणि तिच्यात दूध भरते तोवर रात्री गार झालेल्या असतात. गारव्यात भरलेल्या दाण्यात वासाचे द्रव्य जास्त टिकते, उष्म्यात ते घटते. उष्म्यात भरलेल्या दाण्यात ॲमायलोज या स्टार्चचे प्रमाणही कमी राहते व भात चिकट होतो. तेव्हा सुवासिक वाण उन्हाळी हंगामात लावून तोच वास मागणे म्हणजे बियाण्यावर अन्याय आहे.

दुसरा वाटा पाण्याचा. दाणा भरताना रोपाला थोडा ताण बसला तर त्यात प्रोलीन वाढते. वासाचे द्रव्य ज्यांपासून घडते त्यांपैकी हे एक. त्यामुळे मामा (माजी मालगुजारी) तलावाखालची, शेवटपर्यंत ओली राहणारी बांधी आणि वरथेंबी पावसावरची बांधी यांतला एकाच वाणाचा तांदूळ सारखा निघेलच असे नाही. ताण वाढला तर उत्पन्न पडते आणि दाणा पोचट निघतो, तेव्हा मुद्दाम ताण देण्याचा सल्ला कुणी शहाणा माणूस देणार नाही. पाणी धरून ठेवणारी कन्हार आणि लवकर कोरडी पडणारी, रेताड सिहार या जमिनींतला फरक येथे याच वाटेने चवीपर्यंत पोचतो.

जागेप्रमाणे बदलणाऱ्या वासाची अशी तुलना व्हॅनिलाच्या बाबतीत जगभर चालते. मेक्सिको आणि मादागास्कर येथे वेल एकाच जातीची. तरी हवामान आणि शेंगा सुकवण्या-मुरवण्याच्या पद्धती वेगळ्या असल्याने वास वेगळा. ताहितीची वेल मुळातच निराळी, म्हणून तिचा वास फुलांकडे झुकतो. तांदळातही हे दोन्ही प्रकार दिसतात. मुळशीचा आंबेमोहोर, आजऱ्याचा घनसाळ आणि चिन्नोर हे वेगवेगळे वाण आहेत. पहिल्या दोघांना २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. चिन्नोर मात्र राज्याच्या हद्दीपलीकडे मध्य प्रदेशातल्या बालाघाटातही पिकतो, आणि तेथल्या चिन्नोरला २०२१ मध्ये मानांकन मिळाले. वैनगंगा बालाघाटातूनच खाली येते. नदी आणि वाण दोन्ही बाजूंना तेच आहेत.

पट्ट्यातले सर्वांत गाजलेले बियाणे मात्र वासासाठी गाजलेले नाही. नागभीड तालुक्यातील नांदेडचे दादाजी खोब्रागडे यांना १९८३ मध्ये ‘पटेल ३’ या वाणाच्या बांधीत काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्या त्यांनी बाजूला काढल्या, दरवर्षी निवडून वाढवल्या आणि त्यांतून बारीक दाण्याचा, भरघोस तांदूळ देणारा वाण तयार झाला. विक्रीला आला तेव्हा एचएमटी घड्याळांची चलती होती. तेच नाव धानाला पडले. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने पुढे ‘पीकेव्ही-एचएमटी’ हा वाण प्रसारित केला आणि श्रेयाचा वाद रंगला. ३ जून २०१८ रोजी दादाजींचे निधन झाले. त्यांच्या इतर निवडींत ‘नांदेड चिन्नोर’ आणि ‘डीआरके’ हेही आहेत. एचएमटीचा भात मोकळा, हलका होतो आणि रोजच्या वरणाबरोबर चांगला लागतो. पण चिन्नोरशी त्याची तुलना वासावर करू नये.

कापणीनंतरही चव बदलत राहते. कापणी लांबली की वास उतरतो. साठवणीत वासाचे द्रव्य हळूहळू उडते आणि कोंड्यातल्या तेलाचा खवट वास चढतो; दुसरीकडे जुना तांदूळ कमी चिकटतो आणि मोकळा शिजतो. म्हणून वासासाठी नवा आणि मोकळ्या भातासाठी जुना, अशी निवड करावी लागते. धान उकडून उकडा तांदूळ काढला तर सुवास बराच मारला जातो. मग चिन्नोर घेऊन उपयोग काय?

सरकारच्या आधारभूत किमतीच्या खरेदीत धानाच्या दोनच प्रती असतात, साधारण आणि ‘अ’. दाण्याची लांबी-रुंदी बघून प्रत ठरते, वास बघून नाही. गडचिरोलीत ही खरेदी मुख्यतः आदिवासी विकास महामंडळामार्फत होते. उशिरा पिकणाऱ्या, कमी उतरणाऱ्या सुवासिक धानाला केंद्रावर वेगळा पैसा मिळत नाही. तो मिळतो फक्त खुल्या बाजारात, ओळखीच्या गिऱ्हाइकाकडून. त्यामुळे अनेक घरांत चिन्नोर लावला जातो तो एखाद्या बांधीपुरता, सणासुदीला आणि पाहुण्यांसाठी. बाकीच्या बांध्यांत खरेदी केंद्रावर चालणारे धान असते.