एअर चीफ मार्शल हृषिकेश मुळगावकर

महाराष्ट्राच्या पराक्रमाची कथा निघाली की आपली दृष्टी सह्याद्रीच्या दुर्गांवर आणि फार तर आंग्र्यांच्या आरमारावर जाऊन स्थिरावते. आकाशात शौर्य गाजविणारे पुरुषही आपल्यात निपजले, याचे स्मरण क्वचितच होते. आमचा सायखेडा गोदाकाठी, निफाड तालुक्यात. याच तालुक्यातील ओझर येथे १९६४ साली विमानांचा कारखाना निघाला व तेथे मिग-२१ विमाने सिद्ध होऊ लागली. ही विमाने ज्या दलाचा कणा होऊन राहिली, त्याचे आधिपत्य १ फेब्रुवारी १९७६ पासून ३१ ऑगस्ट १९७८ पर्यंत मुंबईत जन्मलेल्या हृषिकेश मुळगावकर यांच्याकडे होते.

त्यांचा जन्म १४ ऑगस्ट १९२० चा. १९४० साली ते विमानदलात अधिकारी झाले. हे दल तेव्हा बाल्यावस्थेतच होते. १९३३ साली त्याची पहिली तुकडी उभी राहिली ती अवघ्या चार वापिटी विमानांवर, आणि तीही दुपंखी! महायुद्धात मुळगावकर ब्रह्मदेशाच्या आघाडीवर लढले. पुढे १९४७-४८ च्या काश्मीर युद्धातील कामगिरीबद्दल त्यांना महावीरचक्र मिळाले. हिमाच्छादित पर्वतांच्या अरुंद खोऱ्यांतून विमान नेऊन शत्रूवर मारा करणे हे किती बिकट कर्म, याची कल्पना नकाशा पाहूनही येऊ शकेल.

ते दलप्रमुख असताना युद्ध झाले नाही. त्यामुळे त्या काळाविषयी लिहिण्यासारखे काही नाही असे कोणी म्हणेल. मला ते पटत नाही. विमानदलाला शांततेतही प्राणांचे मोल द्यावे लागते. ४ नोव्हेंबर १९७७ रोजी पंतप्रधान मोरारजी देसाई यांना घेऊन निघालेले दलाचे विमान आसामात जोरहाटजवळ कोसळले. पंतप्रधान बचावले, परंतु विमानदलाचे पाच कर्मचारी प्राणास मुकले.

दुसरी चिंता जुन्या विमानांची होती. १९६१ साली संयुक्त राष्ट्रसंघाच्या वतीने थेट आफ्रिकेतील काँगोपर्यंत जाऊन आलेली कॅनबेरा व तशीच हंटर विमाने आता थकली होती. शत्रूच्या प्रदेशात खोलवर मारा करणारे नवे विमान हवे होते. इंग्रज-फ्रेंचांचे जग्वार, फ्रान्सचे मिराज की स्वीडनचे विगेन? विगेनचे इंजिन मूळ अमेरिकन रचनेचे. १९७८ साली अमेरिकेने त्याच्या विक्रीस संमती नाकारली. स्वीडनशी व्यवहार करावा आणि हरकत वॉशिंग्टनहून यावी, हा अनुभव परावलंबी राष्ट्राने नीट ध्यानात ठेवावा असाच आहे.

ऑक्टोबर १९७८ मध्ये शासनाने जग्वार निवडले. मुळगावकर तत्पूर्वीच निवृत्त झाले होते. पहिली जग्वार विमाने जुलै १९७९ मध्ये अंबाल्यास उतरली, तेव्हा दलाची सूत्रे इद्रिस लतीफ यांच्या हाती होती. मुळगावकर एप्रिल २०१५ मध्ये पुण्यात निवर्तले. तोवर सेवेला पस्तीस वर्षे उलटूनही जग्वार विमाने उड्डाणे करीतच होती.