‘ॲक्च्युअली’ : कृतीपासून दुरुस्तीपर्यंत

इंग्रजी बोलणाऱ्याला समोरच्याचे म्हणणे सौम्यपणे खोडून काढावयाचे असले, तर ‘तुमचे चुकते आहे’ असे तो सहसा म्हणत नाही. ‘ॲक्च्युअली’ एवढा एक शब्द घालतो आणि आपली माहिती पुढे ठेवतो. हा शब्द आता आपल्या मराठी घरांतही रुळला आहे. परंतु नम्र मतभेदाची ही खूण मूळची मतभेदाची नव्हे. तिचा उगम तत्त्वज्ञानात आहे आणि तिच्या प्रवासातील एक मुक्काम ख्रिस्ती धर्मशिक्षणात पडलेला आहे.

इ. स. पूर्व चौथ्या शतकात ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटल याने शक्यता आणि प्रत्यक्षता यांत भेद केला. लाकडाच्या ओंडक्यात हर्मीसची मूर्ती शक्यतेच्या रूपाने असते. कोरल्यावर ती प्रत्यक्षात येते. या प्रत्यक्षतेला लॅटिन पंडितांनी ‘आक्तुस’, म्हणजे कृती, हा शब्द योजला. त्याचेच विशेषण ‘आक्तुआलिस’. संत थॉमस अक्वायनस (१२२५–१२७४) यांनी ह्याच संज्ञांचा आधार घेऊन परमेश्वर म्हणजे केवळ प्रत्यक्षता, असे प्रतिपादन केले.

आदिपापाहून वेगळे, मनुष्य स्वतःच्या इच्छेने जे पाप करतो, त्याला इंग्रजीत ‘ॲक्च्युअल सिन’ म्हणतात, ते याच परंपरेतून. येथे अर्थ ‘मनुष्याच्या कृतीने घडलेले’ असा आहे. आजच्या इंग्रजी वाचकाला मात्र तो ‘खरेखुरे पाप’ असा भासतो आणि मग आदिपाप खरे नव्हे की काय, अशी शंका डोकावते. संज्ञा तीच राहिली. तिच्याभोवतीची भाषा पुढे सरकली.

ही सरकण्याची क्रिया हळूहळू झाली. पंधराव्या शतकात इंग्रजीत आलेले हे क्रियाविशेषण ‘कृतीत, प्रत्यक्षात’ असे सांगत होते. जे कृतीत उतरले ते खरे, या न्यायाने ‘खरोखर’ हा अर्थ बळावला. डॉ. सॅम्युअल जॉन्सन यांच्या १७५५ च्या शब्दकोशात हे दोन्ही अर्थ शेजारी बसलेले दिसतात. त्यानंतर अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात संपूर्ण विधानाला ‘वस्तुतः’ अशी जोड देण्यासाठी तो वापरात आला. फ्रेंच आणि पोर्तुगीज भाषांत त्याच मुळापासून आलेल्या शब्दाने निराळी वाट धरली. तेथे त्याचा अर्थ ‘सध्या’ असा होतो.

‘वस्तुतः’ म्हणणारा शब्द दुरुस्तीला सौम्य का करतो? कारण तो चुकणाऱ्या माणसाकडे बोट न दाखवता वस्तुस्थितीकडे दाखवतो. ‘सभा मंगळवारी आहे, ॲक्च्युअली’ असे वाक्याच्या शेवटी म्हटले, की बोलणारा जणू आवाज खाली आणतो. आपल्याकडे ‘खरे तर’, ‘वास्तविक पाहता’ हे शब्द तेच काम करतात.

तथापि सौजन्याचा शब्द वापरून वापरून झिजतो. वाक्याच्या आरंभी ठसक्याने उच्चारलेला ‘ॲक्च्युअली’ पुष्कळदा ‘माझे ज्ञान तुमच्याहून अधिक’ एवढेच कळवतो. न्यूयॉर्कमध्ये २०११ साली सुरू झालेल्या आणि आज ‘रिकर्स सेंटर’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संगणक प्रोग्रॅमिंगच्या संस्थेने तर ‘वेल, ॲक्च्युअली’ करू नये, असा सामाजिक नियमच केला. महत्त्वाची चूक दाखवण्यास तेथे बंदी नाही. चाललेल्या संभाषणाशी ज्याचा काही संबंध नाही, असा बारीकसारीक तपशील मध्येच सुधारून बोलणाऱ्याचा धागा तोडू नये, एवढीच अपेक्षा आहे.

या नियमात शब्दाच्या इतिहासाचे सार आले आहे. दुरुस्ती दोन हेतूंनी होते : समोरच्याला सत्य गवसावे म्हणून, किंवा आपण उंच दिसावे म्हणून. शब्द दोन्हीकडे एकच असतो. त्यातील नम्रता खरी की नाममात्र, हे शब्दकोश सांगू शकत नाही. ते बोलणाऱ्याच्या वागण्यातच कळते. कृतीतून जन्मलेल्या या शब्दाची पारख शेवटी कृतीनेच होते.