मोर्तब सुद : मराठी राजपत्राच्या कार्यप्रवाहाची रचना

एखादे काम कोणत्या क्रमाने एका हातातून दुसऱ्या हाती जावे, ते अडविण्याचा अधिकार कोणास असावा आणि ते पुरे झाले हे कशावरून ओळखावे, या तीन प्रश्नांची उत्तरे आधी ठरवून ठेवणे म्हणजे कार्यप्रवाहाची रचना करणे होय. आज ही रचना संगणकावर चौकटी व बाण काढून केली जाते. अशा आकृत्यांसाठी रूढ झालेली ‘बीपीएमएन’ ही चिन्हपद्धती २००४ साली प्रसिद्ध झाली आणि तिची दुसरी आवृत्ती २०११ साली आली. प्रश्न मात्र जुनेच आहेत. मराठी राज्याच्या लेखनव्यवहाराने त्यांची उत्तरे कशी दिली, आणि त्यांतून भाषेच्या अभ्यासकाच्या हाती काय लागते, हे प्रस्तुत टिपणात पाहावयाचे आहे.

१६७४ च्या राज्याभिषेकसमयीचा म्हणून प्रसिद्ध असलेल्या कानुजाबत्यात अष्टप्रधानांची कामे वाटून दिलेली आहेत. राजपत्रातील कमीजास्त मजकूर तपासून तो दुरुस्त करणे व त्यावर आपली खूण करणे हे सचिवाचे काम. फडनिशी व चिटणिशी पत्रांवर निशाण करणे हे अमात्याचे, आणि राजपत्रावर शिक्का करणे हे मुख्य प्रधानाचे. पत्र लिहावयाचे ते चिटणिसाने. येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की, लिहिणारा, तपासणारा आणि शिक्का करणारा हे एकच नव्हेत. एखाद्या कुळाचा इनाम पिढ्यानपिढ्या ज्या कागदावर अवलंबून राहावयाचा, तो कागद एकट्याच्या मर्जीने सिद्ध होऊ नये, ही या विभागणीमागील दृष्टी होय.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. काम कोठवर आले याची नोंद प्रत्यक्ष कागदच वाहून नेत असे. पत्राच्या माथ्यावर मुख्य मुद्रा असे. मजकूर जेथे संपे तेथे लहान मर्यादामुद्रा, म्हणजेच मोर्तब, उठविले जाई. त्यापुढे एक अक्षरही वाढविता येऊ नये, हा तिचा उपयोग. ‘रुजू’, ‘संमत’, ‘मोर्तब सुद’ यांसारखे शेरे म्हणजे त्या त्या टप्प्याची पोचच होय. कागद हाती घेणाऱ्यास, तो कोणाकोणाच्या नजरेखालून गेला आहे, हे निराळे विचारावे लागत नसे.

या शेऱ्यांची भाषा पाहू. ‘मोर्तब’ हे अरबी ‘मुरत्तब’, म्हणजे क्रमाने लावलेले, सिद्ध केलेले. ‘सुद’ हे फारसी ‘शुद’, म्हणजे झाले. राज्याभिषेकाच्या सुमारास अधिकारनामे संस्कृतात आली : सुरनीस सचिव झाला, मुजुमदार अमात्य, डबीर सुमंत, वाकनीस मंत्री. रघुनाथ नारायण हणमंते यांच्याकडे सोपविलेल्या राज्यव्यवहारकोशात तर लेखनव्यवहाराच्या शब्दांसाठी स्वतंत्र वर्ग आहे. मुद्रेवरील अक्षरेही संस्कृत झाली. तथापि ती मुद्रा उठविली गेली, हे सांगणारा शेरा पेशवाईच्या अखेरीपर्यंत ‘मोर्तब सुद’ असाच राहिला. नामे बदलली; क्रिया राहिल्या. पदाचे नाव आज्ञेने बदलते, कारण ते धारण करणाऱ्या व्यक्ती थोड्या असतात. ‘झाले’ असे सांगणारा शब्द मात्र शेकडो कारकुनांच्या हाताच्या वळणात मुरलेला असतो.

व्यवस्था लोपल्यावर या शब्दांचे काय झाले तेही बोधप्रद आहे. मुळाशी ताडून बरोबर ठरणे हा ‘रुजू’चा दप्तरी अर्थ, आज मनुष्य कामावर ‘रुजू’ होतो. अर्जावर किंवा यादीवर लिहिला जाणारा निर्णायक शेरा म्हणजे ‘मखलाशी’. आज ती सोयीस्कर शब्दच्छल झाली आहे. केवळ ‘शिक्कामोर्तब’ या जोडशब्दाने आपला मूळ अर्थ, म्हणजे आरंभीची मुद्रा व अखेरची मुद्रा, असा दोन्ही टोकांनी जपला. पण आज तो वापरणाऱ्यांस त्यातील दोन मुद्रा दिसत नाहीत.

करवीरात हा विषय परका नाही. आज्ञापत्राचे कर्तृत्व ज्यांच्याकडे जाते ते रामचंद्रपंत अमात्य पुढे करवीर गादीचे आधारस्तंभ झाले, आणि त्यांच्या घराण्याची बावड्याची जहागीर याच राज्यात होती. अभ्यासकांना येथील पुरालेखागार हाताशी आहे. मोडी कागद वाचताना मजकूर उतरून घ्यावा व शेवटची चिन्हे सोडून द्यावीत, असा मोह होतो. तो टाळला पाहिजे, कारण मजकूर हेतू सांगतो, तर व्यवहार पुरा झाला की नाही ते चिन्हेच सांगतात.

आजच्या रचनाकारासही यात बोध आहे. साधा कार्यप्रवाह आखताना चौकटींत पदनामे भरणे सोपे असते. प्रत्येक टप्प्याअखेर कोणती क्रिया पुरी झाली व ती कोणी पुरी केली, हे लिहिणे अवघड. महाराष्ट्र राज्याचा पदनाम कोश १९६२ साली सिद्ध झाला, राजभाषा अधिनियम १९६४ चा आहे. पदांना नावे मिळाली. परंतु संगणकाच्या पडद्यावर काम ‘पेंडिंग’ असते, ‘फॉरवर्ड’ होते व ‘अप्रूव्ह’ होते. हे शब्द परके आहेत म्हणून खेद मानण्याचे कारण नाही. ‘सुद’ही परकाच होता. प्रश्न इतकाच की, ज्याचा अर्ज अडला आहे त्या माणसाला तो शब्द वाचून आपला कागद कोणाच्या हाती आहे हे कळते काय? मराठी राजपत्राने हा प्रश्न कागदावरच सोडविला होता.