चोविसाव्या हिश्शातील पोर्शे : स्पोर्ट्स कारची प्रतिकृती कशी घडते?

प्लॅस्टिकचे सुटे भाग जोडून तयार केलेली छोटी मोटार पाहताक्षणी ओळखू येते. मात्र ती खरी वाटतेच असे नाही. आकार अचूक असतो, रंगही योग्य असतो, चाके जागच्या जागी असतात. तरीही एखादी प्रतिकृती खेळण्यासारखी दिसते, तर त्याच संचातून दुसऱ्या हाताने घडवलेली प्रतिकृती छायाचित्रात खऱ्या मोटारीचा भास निर्माण करते. या फरकाचे कारण महागड्या साहित्यात क्वचितच सापडते. मूळ मोटारीचे निरीक्षण, प्रमाणाचे भान आणि कामाचा योग्य क्रम या तीन गोष्टींवर सारे अवलंबून असते. यातील क्रम चुकला तर अनेक आठवड्यांचे काम एका दिवसात वाया जाऊ शकते.

प्लॅस्टिकच्या संचांची सुरुवात विमानांपासून झाली. ब्रिटनमध्ये १९३६ साली 'फ्रॉग पेंग्विन' या नावाने १/७२ प्रमाणातील विमानांचे संच बाजारात आले. अमेरिकेत 'एएमटी' कंपनीने १९५८ मध्ये मोटारींचे 'थ्री-इन-वन' संच आणले. एकाच डब्यातील भागांतून मूळ रूपातील, बदल केलेली किंवा शर्यतीची मोटार तयार करता येत असे. अमेरिकी संचांत १/२५ हे प्रमाण रूढ झाले. जपानी व युरोपीय कंपन्यांनी बहुतांशी १/२४ स्वीकारले. हौशी मंडळींत आज हीच दोन प्रमाणे सर्वाधिक प्रचलित आहेत. अधिक बारकावे हवे असणाऱ्यांसाठी १/१२ प्रमाणातील मोठे संचही मिळतात.

एका मोटारीचे विच्छेदन

जपानमधील शिझुओका प्रांत हे या व्यवसायाचे मोठे केंद्र आहे. तामिया, हासेगावा, आओशिमा आणि फुजिमी या चारही कंपन्या याच प्रांतातील. त्यांपैकी तामिया १९४६ मध्ये स्थापन झाली ती लाकडाच्या व्यवसायासाठी. लाकडी प्रतिकृतींकडून ती प्लॅस्टिककडे वळली आणि १९६० मध्ये 'यामातो' या युद्धनौकेचा तिचा पहिला प्लॅस्टिक संच आला.

मोटारींच्या प्रतिकृतींच्या इतिहासात या कंपनीचा १९७६ मधील 'पोर्शे ९३४'चा १/१२ प्रमाणातील संच विशेष मानला जातो. पोर्शे ९३४ ही ९११ टर्बोवरून तयार केलेली शर्यतीची गाडी. तिचे तपशील केवळ छायाचित्रांवरून पुरेसे कळेनात, तेव्हा कंपनीचे शुनसाकू तामिया यांनी एक पोर्शे ९११ विकत घेतली आणि अभ्यासासाठी ती सुटी करविली. या संचाच्या विकासावर मोठा खर्च झाला. तो भरून निघावा म्हणून त्याच कवचाखाली विजेवर चालणारी यंत्रणा बसवून रेडिओ-नियंत्रित मोटार विकण्याची कल्पना पुढे आली आणि त्याच वर्षी ती प्रत्यक्षात उतरली. पुढे रेडिओ-नियंत्रित मोटारी हा या कंपनीच्या व्यवसायाचा एक प्रमुख भाग झाला. शुनसाकू तामिया यांचे २०२५ मध्ये निधन झाले.

हौशी कारागिराला मोटार विकत घेऊन सुटी करणे शक्य नसते. पण आपण नेमके काय घडवत आहोत हे आधी पाहून घ्यावे, हा या प्रसंगाचा धडा त्यालाही लागू पडतो. पोर्शे ९३४ चेच उदाहरण घेता येईल. शर्यतीच्या गाडीतून अनावश्यक ते सारे काढून टाकलेले असणार, असा कोणाचाही समज होईल. प्रत्यक्षात ही गाडी वजनाच्या किमान मर्यादेपेक्षा हलकी भरत असल्याने काचा वर-खाली करणारी विजेची यंत्रणा तिच्यात तशीच ठेवण्यात आली होती. केवळ तर्काने दाराचा आतील भाग 'शर्यतीसारखा' उघडावाघडा करणारा कारागीर येथे फसतो.

प्रमाणाचे गणित

सुमारे ४.३ मीटर लांबीची पोर्शे १/२४ प्रमाणात जेमतेम १८ सेंटिमीटरची होते. लांबी सहज कमी होते. जाडी मात्र तितक्या सहजतेने कमी होत नाही. मोटारीचा पत्रा साधारण ०.८ मिलिमीटर जाडीचा असतो. त्याचा चोविसावा हिस्सा ०.०३ मिलिमीटर भरतो, आणि साच्यातून निघालेले प्लॅस्टिकचे कवच मात्र एक मिलिमीटर किंवा त्याहून जाड असते. म्हणजे मूळ मोटारीवर जवळजवळ एक इंच जाडीचा पत्रा ठोकावा तसा हा प्रकार झाला. म्हणूनच अनुभवी कारागीर चाकांवरील कमानींच्या व हवेच्या झरोक्यांच्या कडा आतील बाजूने खरवडून पातळ करतात. बाहेरून दिसणारी कडा पातळ असली, की संपूर्ण पत्रा पातळ असल्याचा भास होतो.

रंगाचेही तसेच आहे. मोटारीवरील रंगाचे सर्व थर मिळून जाडी ०.१ मिलिमीटरच्या आसपास असते. तेवढाच थर प्रतिकृतीवर बसला, तर तो प्रमाणात २.४ मिलिमीटरचा होतो. दार आणि मडगार्ड यांमधील चार मिलिमीटरची फट येथे ०.१७ मिलिमीटरची होते. दोन जाड थरांत ती बुजून जाते आणि दार रंगवलेल्या रेघेसारखे दिसू लागते.

रंगापूर्वीचे काम

संचातील भाग पॉलिस्टायरीन या प्लॅस्टिकचे असून एका चौकटीला जोडलेले असतात. साच्यातून भाग सहज सुटावेत म्हणून वापरलेल्या द्रव्याचा तेलकट अंश त्यांवर राहण्याची शक्यता असते. त्यामुळे प्रथम साबणाच्या कोमट पाण्याने ते धुऊन वाळवावेत. भाग चौकटीतून हाताने पिरगाळून तोडू नयेत. निप्परने थोडे अंतर राखून कापावे आणि उरलेला खुंट कानस व पॉलिशपेपरने घासून काढावा.

साच्याचे तुकडे जेथे जुळतात तेथे कवचावर बारीक उंचवटा उमटतो. तो बहुधा मडगार्डच्या माथ्यावरून किंवा छताच्या कडेवरून जातो. खऱ्या मोटारीवर अशी रेघ नसते आणि चकचकीत रंगाखाली ती अधिकच उठून दिसते. ती ६०० आणि नंतर १००० क्रमांकाच्या पॉलिशपेपरने, पाणी लावून घासावी. दारे व बॉनेट यांच्या फटी रंगापूर्वीच टोकदार हत्याराने हलक्या हाताने अनेकदा ओढून खोल कराव्यात. जोर लावल्यास हत्यार घसरते आणि कवचावर ओरखडा उठतो.

चिकटवण्याच्या द्रव्यांचा भेद येथे महत्त्वाचा ठरतो. प्लॅस्टिक सिमेंट दोन्ही पृष्ठभाग विरघळवून त्यांना एकजीव करते. तो जोड पुन्हा सोडवता येत नाही. सुपर ग्लू धातूच्या व रेझिनच्या भागांसाठी उपयोगी, पण त्याची वाफ पारदर्शक भागांवर पांढरट धुके आणते. काचा आणि दिवे यांसाठी साधा पांढरा गोंद उत्तम. तो सुकल्यावर पारदर्शक होतो आणि चूक झाल्यास ओल्या फडक्याने पुसता येतो.

रंग आणि चकाकी

कवचावर प्रथम अस्तर म्हणजे प्रायमर मारतात. त्याच्या एकरंगी पृष्ठभागावर राहिलेले ओरखडे लगेच दिसतात. कवच लाल प्लॅस्टिकचे असेल आणि त्यावर पांढरा किंवा पिवळा रंग द्यायचा असेल, तर खालचा लाल रंग वर झिरपून गुलाबी छटा येऊ शकते. अशा वेळी मधे चंदेरी रंगाचा थर देण्याची पद्धत आहे.

रंगाचे थर पातळ असावेत. पहिल्या थरात रंग पूर्ण झाकण्याचा मोह टाळावा. एनॅमलवर लॅकरचा थर मारल्यास लॅकरमधील तीव्र द्रावकामुळे खालचा रंग सुरकुततो. उलट क्रम मात्र चालतो. मुंबई आणि कोकणपट्टीत पावसाळ्यात आणखी एक अडचण येते. लॅकरमधील द्रावक वेगाने उडताना पृष्ठभाग थंड होतो, दमट हवेतील बाष्प त्यावर साचते आणि रंगावर पांढुरके सावट पडते. पावसाची उघडीप असलेला कोरडा दिवस निवडणे हा त्यावरचा सोपा उपाय.

मुख्य रंगानंतर क्रमांक व जाहिरातींची चिन्हे पाण्यात भिजवून लावायच्या डेकलच्या रूपाने बसवतात आणि त्यांवर पारदर्शक थर देतात. तो पूर्ण सुकल्याची एक साधी खूण आहे : नाकाजवळ धरल्यास रंगाचा वास येता कामा नये. त्यानंतरच बारीक पॉलिशपेपर आणि पॉलिशचे मलम वापरावे. कडांवर रंग सर्वांत पातळ असतो. तेथे जास्त घासल्यास खालचे प्लॅस्टिक उघडे पडते.

शेवटी फटींमध्ये पातळ केलेला गडद रंग सोडतात. पांढऱ्या गाडीवर काळी रेघ व्यंगचित्रासारखी दिसते. तेथे राखाडी, तर नारिंगी किंवा लाल गाडीवर गडद तपकिरी छटा शोभते.

इंजिन, आसने आणि काचा

काही संचांत इंजिन नसते आणि बॉनेट उघडत नाही. नवशिक्यांनी अशाच संचापासून सुरुवात करणे श्रेयस्कर. इंजिन असल्यास सर्वाधिक परिणाम साधतात त्या तारा. स्पार्क प्लगची सात-आठ मिलिमीटर जाडीची तार १/२४ प्रमाणात ०.३ मिलिमीटरची होते. जुन्या इअरफोनमधील किंवा टेलिफोनच्या केबलमधील बारीक तार त्यासाठी चालते. जाड तार लावण्यापेक्षा न लावलेली बरी. शर्यतीच्या आसनांवरील ७५ मिलिमीटर रुंदीचा पट्टा सुमारे तीन मिलिमीटरच्या फितीतून तयार होतो. गालिच्यासाठी बारीक तंतूंची पूड मिळते.

टायर कधीही शुद्ध काळे नसतात. त्यांचा चकाकणारा पृष्ठभाग पॉलिशपेपरने घासला, की ते गडद राखाडी आणि वापरलेले दिसतात. ब्रेकच्या तबकडीवर पॅड घासतो तेवढाच पट्टा चकचकीत ठेवून मधला भाग निस्तेज रंगवावा. पुढील दिव्याच्या काचेमागे ती बसवण्यासाठी दिलेली खुंटी बाहेरून बुबुळासारखी दिसते. ती कापून काच पांढऱ्या गोंदाने बसवावी. काचांभोवतीच्या धातूच्या पट्ट्यांसाठी चिकट पाठीचा अतिपातळ धातूचा कागद वापरतात. रंगापेक्षा तो अधिक खरा भासतो.

चारही चाके एकाच वेळी टेबलाला टेकतात का, हे अखेरीस पाहावे. एखादे चाक अधांतरी असलेली मोटार कितीही सुंदर रंगवलेली असली, तरी निर्जीव वाटते.

दक्षता आणि जपणूक

या छंदातील धोके लहान नाहीत. फवारणी उघड्या खिडकीजवळ, सेंद्रिय वाफ रोखणारा मुखवटा लावून करावी. कापडी मास्क वाफ अडवत नाही. मोटार दुरुस्तीत वापरले जाणारे दोन घटकांचे पारदर्शक रंग अतिशय चकचकीत असले, तरी त्यांच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात व त्यामुळे दमा जडू शकतो. घरातील खोलीत त्यांचा वापर करू नये. द्रावके ज्वालाग्राही असल्याने गॅसची शेगडी आणि देवघरातील समई यांपासून ती दूर ठेवावीत.

पूर्ण झालेली प्रतिकृती थेट उन्हात किंवा बंद मोटारीत ठेवू नये; उष्णतेने प्लॅस्टिक वाकते आणि डेकल पिवळे पडतात. मऊ टायरमधील द्रव्य कालांतराने चाकांच्या प्लॅस्टिकला खाते, म्हणून चाकाच्या कडेवर रंगाचा थर अवश्य द्यावा.

किती बारकावे जोडावेत, याला नियम नाही. जे झाकले जाणार आहे त्यावर महिने खर्च करणारे आहेत, आणि दिसेल तेवढेच नेटके करणारेही आहेत. प्रत्येक तपशील मूळ मोटारीवर पाहिलेला असावा आणि प्रमाणात बसावा, एवढी अट मात्र दोघांनाही सारखीच लागू आहे. ज्या शर्यतीच्या मोटारी आता संग्रहालयांत किंवा मोजक्या धनिकांच्या गॅरेजमध्येच उरल्या आहेत, त्यांचे रूप घरातील कपाटात विश्वासूपणे जपायचे, तर ही अट सोडून चालणार नाही.