मॉरिशसचे ताट कोणी वाढले? : शेतसहलीत न विचारला जाणारा प्रश्न

समुद्रकिनारा, हॉटेल आणि फोटो एवढ्यावर आता सुट्टी भागत नाही. शहरातल्या शिकलेल्या वर्गाला सुट्टीत 'गाव' हवे असते. शेतातून फिरायचे, तिथेच पिकलेले खायचे, शेतकऱ्याशी दोन शब्द बोलायचे आणि समाधानाने परतायचे. मराठी माणसाच्या मधुचंद्राचे आवडते ठिकाण असलेला मॉरिशसही आता अशाच सहली विकतो. उसाचे मळे, चहाचे मळे, व्हॅनिलाची बाग, रमची भट्टी आणि शेवटी केळीच्या पानावर 'अस्सल स्थानिक' जेवण.

आम्ही सुट्टीच्या विरोधात नाही, हे आधीच स्पष्ट करतो. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे मंत्री असताना, १९४५ मध्ये कारखाना कायद्यात दुरुस्ती होऊन कामगाराला पगारी रजा मिळाली. ज्यांच्या आजोबांना रजा हा शब्दच माहीत नव्हता, त्यांची नातवंडे आज विमानाने सुट्टीवर जातात. त्यांनी जरूर जावे. परंतु जिथे जातो तिथल्या ताटात काय आहे आणि ते कोणाच्या श्रमातून आले आहे, हा प्रश्न आपण सोबत न्यायला नको का?

'स्थानिक' म्हणजे नेमके कोणाचे?

मॉरिशसच्या बाबतीत 'स्थानिक' हा शब्दच तपासून घ्यावा लागतो. या बेटावर मुळात माणसांची वस्तीच नव्हती. १६३८ मध्ये डच तिथे वसाहतीसाठी उतरले. पुढच्याच वर्षी त्यांनी जावा बेटावरून ऊस आणला. आज बड्या मळ्यांवरच्या जेवणात मानाने वाढले जाणारे हरणाचे मांसही त्याच काळात जावाहून आणलेल्या हरणांच्या वंशाचे. १७१० मध्ये डच निघून गेले, १७१५ मध्ये फ्रेंचांनी बेट ताब्यात घेतले आणि १८१० मध्ये ते इंग्रजांनी जिंकले. तीन मालक बदलले. मळ्यात राबणारा मात्र कधीच मालक झाला नाही. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून आणि मादागास्करमधून माणसे पकडून, विकत घेऊन आणली गेली. भारतातूनही गुलाम नेले गेले.

म्हणजे या ताटातला ऊस बाहेरचा, हरीण बाहेरचे, व्हॅनिला बाहेरची, आणि हे सगळे पिकवणारा माणूसही बाहेरून आणलेला. तरीही आज ते 'स्थानिक' झाले आहे आणि त्यात वावगे काही नाही. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी ती जमीन कसली, त्यांच्या घामानेच ते स्थानिक झाले. आमची हरकत एवढीच, की पदार्थाला स्थानिक म्हणताना त्या घामाचे नाव गाळले जाते.

गुलामाची भाकरी आणि महाराची भाकरी

बेटाच्या आग्नेयेला माहेबूर नावाचे जुने गाव आहे. तिथे १८७० पासून मॅनिऑकची बिस्किटे बनवणारा एक घरगुती कारखाना आहे. पर्यटक तिथे जातात, बिस्किटे कशी भाजतात ते पाहतात, चहासोबत खातात. मॅनिऑक म्हणजे ज्या कंदापासून आपल्याकडचा साबुदाणा होतो तो. हा कंद बेटावर आला कसा? १७३५ मध्ये ला बुर्दोने नावाचा फ्रेंच गव्हर्नर तिथे आला. बंदर बांधायचे, साखर कारखाना उभारायचा, तर गुलामांची संख्या वाढवायला हवी होती, आणि वाढलेल्या गुलामांना कमीत कमी खर्चात जगवायलाही हवे होते. त्यासाठी त्याने दक्षिण अमेरिकेतला हा कंद बेटावर लावायला सुरुवात केली. आजचे चवदार बिस्किट ज्या कंदाचे आहे, तो गुलामाला कामापुरते जिवंत ठेवणारे इंधन म्हणून इथे आला होता.

इथे बाबासाहेबांनी केलेली एक तुलना आठवते. गुलामगिरी आणि अस्पृश्यता यांचा विचार करताना त्यांनी दाखवून दिले, की गुलाम ही मालकाची मालमत्ता असल्यामुळे त्याला खाऊ घालण्यात मालकाचा स्वार्थ होता. अस्पृश्याच्या पोटाची जबाबदारी मात्र कोणाचीच नव्हती. गुलामगिरीला त्यांनी यातून चांगले ठरवले नाही. माणसाला उपाशी ठेवण्याची आणि तरीही त्याच्याकडून काम करून घेण्याची हिंदू समाजव्यवस्थेची पद्धत किती बेजबाबदार होती, हे त्यांनी त्यातून उघडे केले. आपल्याकडे महाराने गावाची कामे करायची आणि संध्याकाळी दारोदार भाकरी मागायची, ही 'पद्धत' होती. मॉरिशसमध्ये हिशेब लिहून मॅनिऑक दिला जात होता. आपल्याकडे हिशेबच नव्हता, होता तो धर्म. १९२७ च्या महाड परिषदेत बाबासाहेबांनी शिळे-उष्टे अन्न आणि मृत जनावरांचे मांस सोडण्याचे आवाहन केले, त्याचे मोल या पार्श्वभूमीवर समजते. अन्नाचा प्रश्न आपल्यासाठी कधीच केवळ चवीचा नव्हता. तो प्रतिष्ठेचा होता.

व्हॅनिलामागचा मुलगा

मॉरिशसच्या दक्षिणेला सेंट ऑबिनच्या मळ्यावर व्हॅनिलाची लागवड दाखवतात. व्हॅनिलाचे फूल हाताने फलित करावे लागते. कारण ही वेल मूळची मेक्सिकोची, आणि तिथे परागीभवन करणारे कीटक या बेटांवर नाहीत. बारीक काडीने फुलातला पडदा उचलून अंगठ्याने पराग दाबायचा, की शेंग धरते. पाहणाऱ्याला गंमत वाटते.

ही सोपी, कोणालाही जमेल अशी पद्धत १८४१ मध्ये शेजारच्या रियुनियन बेटावर एडमंड नावाच्या बारा वर्षांच्या मुलाने शोधली. तो गुलाम होता. त्याला आडनावही नव्हते. १८४८ मध्ये तिथली गुलामगिरी संपल्यावर त्याला 'आल्बियस' हे आडनाव मिळाले. त्याच्या शोधावर त्या बेटांचा व्हॅनिला व्यापार उभा राहिला, मळेवाले श्रीमंत झाले. एका नामवंत फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने हा शोध आपलाच असल्याचा दावा केला. गुलाम मुलगा इतकी बुद्धी दाखवेल, हे अनेकांना पटतच नव्हते. एडमंड १८८० मध्ये गरिबीत मेला.

ज्ञान हे ठरावीक कुळातच जन्मते, हा समज आपल्याला नवा नाही. शंबूक आणि एकलव्याच्या कथा सांगणाऱ्या देशात एडमंड समजावून सांगावा लागू नये.

गुलामी संपली, मळा चालूच राहिला

१ फेब्रुवारी १८३५ रोजी मॉरिशसमध्ये गुलामगिरी रद्द झाली. ब्रिटिश सरकारने साम्राज्यभरात मिळून दोन कोटी पौंड नुकसानभरपाई दिली. त्यांतले वीस लाखांहून अधिक पौंड एकट्या मॉरिशसच्या वाट्याला आले. हे पैसे मिळाले मालकांना. साठ हजारांहून अधिक गुलामांच्या हाती एक पैसाही पडला नाही. उलट 'उमेदवारी'च्या नावाखाली त्यांना आणखी काही वर्षे त्याच मालकाकडे राबावे लागले.

मालक तर आधीच सावध होते. गुलामी संपण्यापूर्वी तीन महिने, २ नोव्हेंबर १८३४ रोजी, 'अॅटलास' जहाजातून ३६ भारतीय मजूर पोर्ट लुई बंदरात उतरले होते. पाच वर्षांचा करार, महिना पाच रुपये पगार आणि शिधा म्हणून तांदूळ, डाळ, मीठ, तेल. पुढच्या सुमारे पाऊणशे वर्षांत साडेचार लाखांच्या आसपास भारतीय मजूर या बेटावर उतरले. यालाच गिरमिट म्हणतात. तक्रारींमुळे १८३९ मध्ये ही भरती थांबवावी लागली, पण १८४२ मध्ये ती पुन्हा सुरू झाली आणि कलकत्ता, मद्राससोबत मुंबई बंदरही खुले झाले. मॉरिशसचा मराठी समाज आला तो या वाटेने, प्रामुख्याने कोकणातून.

त्या कोकणात तेव्हा काय होते? खोती होती. कूळ जमीन कसत असे आणि खोत वाटा नेत असे, वर वेठही घेत असे. खोताच्या शेतातून सुटलेला माणूस गोऱ्याच्या मळ्यात अडकला, असे म्हटले तर चूक होणार नाही. मळ्यावरचा नियम असा, की एक दिवस गैरहजर राहिले तर दोन दिवसांचा पगार कापायचा. मजूर आजारी असला तरी हाच न्याय. करार संपलेल्या मजुरालाही पास जवळ ठेवावा लागे. तो नसेल तर 'भटक्या' म्हणून अटक होई. १८७१ मध्ये ९,४०१ जुन्या मजुरांनी याविरुद्ध अर्ज केला. आडोल्फ द प्लेव्हिट्झ या युरोपियन माणसाने त्यांची बाजू मांडली आणि दुसऱ्या वर्षी शाही चौकशी आयोग आला. दोनच वर्षांनी, १८७३ मध्ये, महात्मा फुल्यांनी 'गुलामगिरी' प्रसिद्ध केली आणि ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना अर्पण केली. ज्या काळात हजारो गिरमिटिये आपल्या गुलामीला नाव देत होते, त्याच काळात पुण्यातला एक माणूस शूद्रातिशूद्रांच्या गुलामीला नाव देत होता.

हा सगळा भूतकाळ झाला, असे कोणी म्हणेल. आम्ही त्यांना मराठवाड्यातल्या ऊसतोड मजुराकडे पाहायला सांगू. मुकादमाकडून उचल, नवरा-बायको मिळून एक 'कोयता', आणि कामाला न गेल्यास खाड्याचा दंड. सरदार, आगाऊ रक्कम आणि दुप्पट कपात हीच गिरमिटाची चौकट होती. खाडा पडू नये म्हणून गर्भाशय काढून टाकणाऱ्या बीडच्या स्त्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळापर्यंत गेला. ऊस तोच आहे आणि हिशेबही फारसा बदललेला नाही.

जमीन, जात आणि गोळी

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात साखरेचे भाव पडले, तेव्हा मळेवाल्यांनी कडेच्या, कमी कसाच्या जमिनी तुकडे पाडून विकल्या. काही भारतीय मजूर तिथे शेतकरी झाले. पण जमीन घेऊ शकले ते मुख्यतः सरदार आणि कंत्राटदार, म्हणजे ज्यांच्या हाती चार पैसे होते ते. मुक्त झालेल्या गुलामांच्या वंशजांकडे तर तेवढेही नव्हते. २००९ मध्ये मॉरिशस सरकारने सत्य आणि न्याय आयोग नेमला, त्याचा अहवाल २०११ मध्ये आला. गेलेल्या जमिनींचे दावे हा त्याच्यासमोरचा एक मोठा विषय होता.

आणि जात? समुद्र ओलांडला की धर्म बुडतो म्हणणाऱ्यांची जात मात्र जहाजात सुखरूप बसून गेली. मजुरांच्या नोंदवहीत नाव, वय, गाव यांबरोबर जातीचाही रकाना होता. मॉरिशसमध्ये आजही 'गहलोत राजपूत महासभा' वेगळी आणि तथाकथित खालच्या जातींतून आलेल्यांची 'आर्य रविवेद प्रचारिणी सभा' वेगळी. निवडणुकीत वैश, राजपूत, रविवेद ही गणिते मांडली जातात. हिंदू जिथे जाईल तिथे जातीचा प्रश्न जाईल, हा धोका बाबासाहेबांनी १९१६ च्या कोलंबियातील निबंधातच लक्षात आणून दिला होता.

पण शोषणासोबत लढाही गेला. ऑगस्ट १९३७ मध्ये युनियन फ्लाक मळ्यावर उसाचा भाव आणि मजुरी यांसाठी जमलेल्या लोकांवर गोळ्या झाडल्या गेल्या, चार जण मेले. पुढच्याच महिन्यात, सप्टेंबर १९३७ मध्ये, बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करणारे विधेयक मांडले. जानेवारी १९३८ मध्ये कोकणातले शेतकरी मुंबईत विधिमंडळावर चालून आले. १९४३ मध्ये बेल व्ह्यू हारेल येथे पुन्हा गोळीबार झाला. त्यात अंजली कूपेन ही गरोदर मजूर स्त्री मारली गेली. तिच्या नावाचे स्टेडियम आज तिथे आहे. सहलीच्या बसमधून ते दिसते. तिचे नाव सांगितले जाते का, हे मार्गदर्शकावर अवलंबून.

मग काय करावे?

मॉरिशसने आपला इतिहास पूर्ण लपवला आहे, असा आमचा आरोप नाही. उलट गुलामगिरी रद्द झाल्याचा १ फेब्रुवारी आणि गिरमिटिये आले तो २ नोव्हेंबर, दोन्ही दिवशी तिथे राष्ट्रीय सुट्टी असते. मजूर उतरले तो आप्रवासी घाट २००६ मध्ये आणि पळालेले गुलाम ज्या डोंगरात लपले तो ल मॉर्न २००८ मध्ये जागतिक वारसा झाला. बो प्लाँ येथील बंद पडलेल्या साखर कारखान्यातल्या संग्रहालयातही गुलामगिरीची माहिती आहे. आपल्याकडे बलुत्याचे, वेठबिगारीचे, खोतीचे असे एक तरी राष्ट्रीय स्मारक आहे का? कोकणातल्या कृषी पर्यटन केंद्रावर मोदक आणि सोलकढी वाढताना खोतीबद्दल एखादी ओळ तरी कुठे लिहिलेली असते का?

म्हणून मॉरिशसला जा, किंवा गुहागरला जा. शेत पाहा आणि पोटभर जेवा. मॉरिशसची दालपुरी तर जरूर खा. शिध्यातल्या डाळीतून मजूर बायांनी उभा केलेला तो पदार्थ आज सगळ्या बेटाचा झाला आहे. फक्त तीन प्रश्न विचारल्याशिवाय उठू नका : ही जमीन कोणाच्या नावावर आहे? हे पीक कोणी काढले आणि त्याला काय मिळाले? आणि जो पिकवतो तो स्वतः काय खातो? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मॉरिशसमध्ये विशेष बोलके आहे. पिढ्यान्‌पिढ्या चांगली जमीन उसाखाली गेल्यामुळे हे सुपीक बेट आज आपले बहुतांश अन्न बाहेरून आणते. साखर जगाला गेली आणि तांदूळ जहाजाने आला.

यजमान या प्रश्नांनी नाराज झाला तर होऊ द्या. ज्यांच्या पूर्वजांना भाकरी मागून खावी लागली, त्यांनी आज पैसे मोजून जेवताना एवढे विचारण्याचा अधिकार नक्कीच कमावला आहे.

जय भीम!