परदेशी देयकांवरील चलन-रूपांतर शुल्क : बट्टा नेमका कोठे कापला जातो

कानोता (जयपूर) : जयपूरहून आग्र्याकडे जाणाऱ्या महामार्गावर सुमारे १५ किलोमीटर अंतरावर कानोता हे गाव आहे. येथील ठाकूर घराण्यातील अमरसिंह यांनी १८९८ ते १९४२ या काळात लिहिलेल्या रोजनिशीमुळे इतिहासाचे अभ्यासक या गावाला ओळखतात. पर्यटक ओळखतात ते गढीतील वारसा हॉटेलामुळे. दिल्ली-आग्रा-जयपूर अशी सहल करणारा परदेशी पाहुणा अशा ठिकाणची खोली ऑनलाइन आरक्षित करतो, तेव्हा त्याच्या डॉलरचे वा युरोचे रुपये होतात. नागपूरचा ग्राहक पॅरिसमधील खोलीचे पैसे भरतो, तेव्हा उलटे घडते. दोन्ही वेळी चलन बदलण्याची किंमत कोणीतरी मोजतो. मात्र तिचा मोठा भाग पावतीवर ‘शुल्क’ म्हणून दिसत नाही, तो विनिमय दरातच मिसळलेला असतो.

ही रीत जुनीच आहे. जयपूर संस्थानाची स्वतःची टांकसाळ होती आणि तेथील ‘झाडशाही’ रुपया प्रसिद्ध होता. महाराष्ट्रात चांदवडी, अंकुशी असे रुपये चालत. एका टांकसाळीचे नाणे दुसऱ्या मुलखात नेले की सराफ बट्टा कापून घेत, आणि रक्कम हुंडीने पाठवली तर हुंडणावळ द्यावी लागे. नाव शुद्ध असूनही त्याला ‘बट्टा लागतो’ असे आपण म्हणतो, त्या शब्दाचा सराफकट्ट्याशी असलेला संबंध आता विसरला गेला आहे. सराफाची जागा आज कार्ड-जाळे, बँक आणि देयक कंपनी या तिघांनी घेतली आहे.

भारतात डॉलर, युरो, पौंड आणि येन यांचे संदर्भ दर ‘फायनान्शियल बेंचमार्क्स इंडिया’ ही संस्था कामकाजाच्या दिवशी जाहीर करते. २०१८ च्या जुलैपूर्वी हे काम रिझर्व्ह बँकेकडे होते. बातम्यांत झळकणारा दर बाजारातील घाऊक व्यवहारांचा असतो. किरकोळ ग्राहकाला तो मिळत नाही. कार्डाने पैसे भरल्यास व्हिसा, मास्टरकार्ड यांसारखे जाळे प्रथम आपला दर लावते. त्यावर कार्ड देणारी बँक ‘फॉरेक्स मार्कअप’ नावाची टक्केवारी आकारते. अनेक भारतीय कार्डांवर ती २ ते ३.५ टक्के असते, काही कार्डांवर कमी किंवा शून्यही असते. या मार्कअपवर १८ टक्के वस्तू व सेवा कर लागतो. म्हणजे ३.५ टक्के वाटणारा आकार प्रत्यक्षात ४.१३ टक्के होतो.

हिशेबाच्या सोयीसाठी डॉलरचा दर ९० रुपये धरू. २०० डॉलरच्या खरेदीचे १८,००० रुपये होतात. ३.५ टक्के मार्कअपचे ६३० रुपये आणि त्यावरील कराचे ११३ रुपये ४० पैसे मिळवले की खात्यातून १८,७४३ रुपये ४० पैसे जातात.

खरी गफलत होते ती पुढच्या टप्प्यावर. परदेशी संकेतस्थळावर पैसे भरताना पडद्यावर प्रश्न येतो : रक्कम डॉलरमध्ये भरायची की रुपयांत? रुपयांचा आकडा ओळखीचा वाटतो, म्हणून ग्राहक तोच निवडतो. याला ‘डायनॅमिक करन्सी कन्व्हर्जन’ म्हणतात. येथे चलन बदलण्याचे काम ग्राहकाच्या बँकेकडून निघून विक्रेत्याच्या बाजूच्या कंपनीकडे जाते आणि दर तीच ठरवते. वरच्याच उदाहरणात तिने ५ टक्के चढा दर लावला, तर २०० डॉलरचे १८,९०० रुपये होतात. एवढ्याने भागत नाही. विक्रेता परदेशातील असल्यामुळे रुपयांतील व्यवहारावरही अनेक बँका आकार घेतात. तो १ टक्का धरला तर १८९ रुपये आणि कराचे ३४ रुपये २ पैसे वाढून एकूण १९,१२३ रुपये २ पैसे होतात. शून्य मार्कअपचे कार्ड बाळगणाऱ्याचे नुकसान याहून मोठे, कारण ज्या सवलतीसाठी त्याने ते कार्ड घेतले, तीच तो या एका निवडीने गमावतो.

म्हणून सर्वसाधारण नियम असा, की देयक विक्रेत्याच्या देशाच्या चलनात भरावे. नागपूरच्या ग्राहकाने पॅरिसचे पैसे युरोत द्यावेत, तर कानोत्यास येणाऱ्या फ्रेंच पाहुण्याने रुपयांत. कार्ड-जाळ्यांच्या नियमांनुसार ही निवड ग्राहकाची असते. युरोपीय संघाने एक पाऊल पुढे टाकले असून १९ एप्रिल २०२० पासून, संघाच्या चलनांतील कार्ड-व्यवहारांत अशा रूपांतराचा अधिभार युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या दराच्या तुलनेत किती टक्के आहे, हे पैसे भरण्यापूर्वी सांगणे बंधनकारक केले आहे. ‘कमिशन नाही’ अशा पाटीमागे चढा दर लपवण्याची सोय त्यामुळे बरीच कमी झाली.

पैसे घेणाऱ्याच्या बाजूलाही बट्टा चुकत नाही. परदेशी कार्डावरील व्यवहारासाठी व्यापाऱ्याला देशी कार्डापेक्षा सहसा अधिक आकार द्यावा लागतो. जयपूरच्या जोहरी बाजारातील रत्नांचा व्यापारी परदेशी गिऱ्हाईकाला ऑनलाइन माल विकतो, तेव्हा डॉलर रुपयांत कोणत्या दराने बदलले जातील, हे देयक कंपनीशी झालेल्या करारावर अवलंबून असते. अर्धा टक्का वरवर क्षुल्लक दिसतो. ज्या धंद्यात नफाच थोडका, तेथे तो जाणवतो. सीमापार देयके हाताळणाऱ्या कंपन्यांना रिझर्व्ह बँकेने ३१ ऑक्टोबर २०२३ च्या परिपत्रकाने आपल्या थेट नियमनाखाली आणले.

यूपीआयच्या परदेशी विस्ताराचा एक धागा याच शहरात सापडतो. २५ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी आणि फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष इमॅन्युएल मॅक्रॉन जयपुरात असताना यूपीआयने पैसे देण्याचे प्रात्यक्षिक पाहुण्यांना दाखवण्यात आले. आठवडाभराने, २ फेब्रुवारीला, आयफेल टॉवरच्या तिकिटांसाठी यूपीआय स्वीकारण्याची औपचारिक घोषणा झाली. संकेतस्थळावरील क्यूआर कोड स्कॅन करून भारतीय पर्यटकाला तिकीट घेता येते. त्याच महिन्यात श्रीलंका आणि मॉरिशस येथेही ही सेवा सुरू झाली. पण यूपीआय देशात फुकट आहे म्हणून परदेशातही फुकट असेल, हा समज चुकीचा आहे. तेथेही रुपयांचे परकीय चलन होतेच आणि त्याचा दर व बँकेचा आकार लागू होतो. भारतात येणाऱ्या परदेशी पाहुण्यांसाठी ‘यूपीआय वन वर्ल्ड’ हे पाकीट आहे. त्यात रुपये भरतानाच चलन बदलले जाते, नंतर कानोत्याच्या टपरीवर चहा घेताना पुन्हा बट्टा लागत नाही.

शुल्क नसूनही शुल्कासारखी भासणारी एक कपात म्हणजे टीसीएस. उदारीकृत प्रेषण योजनेखाली निवासी व्यक्तीला एका आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलरपर्यंत रक्कम परदेशी पाठवता येते. १ एप्रिल २०२५ पासून १० लाख रुपयांपर्यंतच्या प्रेषणावर टीसीएस लागत नाही. परदेशी सहलीच्या पॅकेजना मात्र ही मर्यादा लागू नाही. कापलेली रक्कम प्राप्तिकराच्या विवरणपत्रात वळती करून घेता येते किंवा परत मिळते. मार्कअपचे तसे नाही, तो गेला की गेला.

आरक्षण रद्द झाले तर परतावाही त्या दिवशीच्या दराने येतो. २०० डॉलर पूर्ण परत मिळाले तरी रुपयांचा आकडा भरलेल्या रकमेशी जुळेलच असे नाही, आणि मूळ मार्कअप परत करायचा की नाही, हे बँकेच्या अटींवर ठरते. नवीन कार्डांवर परदेशी आणि ऑनलाइन व्यवहारांची सुविधा मार्च २०२० पासून आपोआप चालू नसते. ती ग्राहकाने सुरू करावी लागते. त्याच वेळी बँकेच्या दरपत्रकात ‘परकीय चलन व्यवहार’ आणि ‘परदेशी विक्रेत्याचा रुपयांतील व्यवहार’ अशा दोन वेगळ्या ओळी आहेत का, हेही पाहता येते. आकारणी चुकीची वाटल्यास प्रथम बँकेकडे लेखी तक्रार करावी लागते. ३० दिवसांत उत्तर न मिळाल्यास किंवा मिळालेले उत्तर असमाधानकारक असल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते.